शंभर ढोल आणि एक ठोका

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यालगतच्या एखाद्या बोळात उभे राहा. मिरवणूक दिसत नसते, पण ढोल ऐकू येत असतो. फक्त ढोल! ताशाचा मागमूस नसतो. मग पथक कोपऱ्यावर येते आणि ताशा असा कडाडतो, की जणू ताशेवाले इतका वेळ तुमचीच वाट पाहत होते. ते तर मघापासून जीव तोडून वाजवत होते. त्यांचा आवाज मधल्या इमारतींनी अडवला होता, इतकेच.

ढोलाचा खर्ज सेकंदाला शंभर कंपनांचा धरला, तर त्याची एकेक लहर साधारण साडेतीन मीटर लांब भरते. एवढी लांब लहर वाड्याच्या कोपऱ्याला सहज वळसा घालते. ताशाच्या तर्रीत दोन हजार आणि त्याहून जास्त कंपनांचे स्वर भरपूर असतात. त्यांच्या लहरी वीतभरही नसतात, त्या भिंतीपाशीच थबकतात. म्हणून पथक आधी छातीला कळते आणि मग कानाला.

हे वाजवणारे आहेत तरी कोण? पूर्वी विसर्जन मिरवणुकीसाठी मुळशी, वेल्हे भागातल्या गावांतून ढोल-लेझीमवाले शहरात येत. पुढे शहरातल्या शाळांनी हे वादन उचलले. ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग यांची पथके आजही नावाजलेली आहेत. आता पेठापेठांतून, उपनगरांतून पथके निघाली आहेत. त्यांत कॉलेजची मुले-मुली, बँकेतले, आयटीतले, डॉक्टर असे सगळेच असतात. वाद्यपूजन झाले की गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीकाठी, पुलाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी सराव चालतो. नवख्याच्या बोटांना फोड येतात, तो त्यांवर चिकटपट्टी गुंडाळतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. पैशासाठी येणारा त्यात विरळाच.

ढोल कमरेला बांधलेला असतो. एका तोंडावर टिपरू पडते, दुसऱ्यावर हाताची थाप. ताशा गळ्यात, त्यावर दोन लवचीक काड्या. पूर्वी दोन्हींना कातडी पान असे. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडे ओल धरून सैल पडते आणि आवाज बसतो, म्हणून ताशा जाळावर शेकावा लागे. आता बहुतेक ठिकाणी फायबरचे पान आले आहे. पावसाची चिंता मिटली, पण कातड्याचा तो गोलवा गेला, असे जुने वादक म्हणतात. मला त्यांचे पटते.

आता आवाजाचे गणित. शंभर ढोल म्हणजे एका ढोलाच्या शंभरपट मोठा आवाज, असे वाटते ना? कानाला तसे मुळीच वाटत नाही. ढोल दहापट केले की आवाज दहा डेसिबलने चढतो, आणि दहा डेसिबलची वाढ माणसाला ढोबळमानाने दुप्पट भासते. म्हणजे शंभर ढोल तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असले, तरी एका ढोलाच्या जेमतेम चौपट वाटतील. प्रत्यक्षात मागच्या रांगा लांब असतात, तेव्हा चौपटही नाही. मग अंगावर येतो तो काटा कशाचा?

माझ्या मते तो एकत्र पडणाऱ्या ठोक्याचा असतो. आणि हे एकत्र पडणे जवळजवळ अशक्य कोटीतले काम आहे, कारण आवाज फार सावकाश चालतो: सेकंदाला सुमारे 340 मीटर. चाळीस मीटर लांबीच्या पथकात पुढचा ठोका मागच्या टोकाला पोचायला सेकंदाचा आठवा-नववा हिस्सा लागतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण लय चढली, सेकंदाला चार ठोके पडू लागले, की दोन ठोक्यांत उरतो पाव सेकंद. मागच्याने पुढचे ऐकून टिपरू हाणले, तर ते बरोबर दोन ठोक्यांच्या अधेमध्ये पडेल आणि सगळा बाज विस्कटेल.

म्हणून पथक नुसत्या कानावर विसंबत नाही. पुढे उभा असलेला हात वर करून इशारे देतो, शिट्टी वाजते, ताशेवाल्यांच्या काड्या दिसतात, टोलावरचा हातोडा उठताना दिसतो. प्रकाशाला चाळीस मीटर म्हणजे काहीच नाही. शिवाय ठोका ऐकून मग हात उचलायचा, असे कोणी करतही नाही. पुढचा ठोका कधी येणार, हे मेंदू आधीच ताडतो. साध्या ठेक्याबरोबर बोट आपटायला सांगितले, तर बहुतेक माणसे ठेक्याच्या किंचित आधीच आपटतात. प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. दोनेक महिन्यांच्या सरावात पक्का होतो तो हा अंदाज. ‘हात’ म्हणजे वादनाचे ठरलेले बोल पाठ होणे, हा त्यातला सोपा भाग.

यातली खरी गंमत पुढेच आहे. सगळ्यांची टिपरी अगदी एकाच क्षणी पडली, तरी पुढे उभ्या असलेल्या तुमच्यापर्यंत मागच्या रांगांचा आवाज उशिराच येणार. ठोका एक दिसतो, पण कानाला तो थोडा पसरून येतो. त्यातच लक्ष्मी रस्त्याच्या दुतर्फा इमारती त्याला प्रतिध्वनी जोडतात. पथकाचा तो भरदारपणा बराचसा या पसरण्यातून येतो. मोकळ्या मैदानात तेच पथक जरा कोरडे वाटते.

2024 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांतील वादकांची संख्या 30 वर मर्यादित केली होती; उत्सव चालू असतानाच सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली. गोंगाटाची तक्रार खोटी नाही. पण साठाचे तीस केल्याने आवाज घटतो अवघा तीन डेसिबल. रहिवाशांना खरा दिलासा हवा असेल, तर पथक एका चौकात किती वेळ थांबते आणि वाजवते, याला आळा घालायला हवा.

वादकांच्या कानांचे मात्र कोणी फारसे बोलत नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, असा कामाच्या जागेसाठीचा एक प्रचलित निकष आहे, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. ताशाच्या शेजारी तासन्‌तास उभे राहणाऱ्याने यावरून काय ते समजावे. कानाच्या आतल्या ज्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा यंदा पथकात नाव घालणार असाल, तर फेट्याबरोबर कानात घालायची बोंडेही घ्या, आणि सरावाच्या पहिल्या दिवसापासून वापरा.