डीएसएल जोडणीतील त्रुटिसंरक्षण व समक्रमण वेग

डीएसएल (डिजिटल सबस्क्रायबर लाइन) ही दूरध्वनीच्या तांब्याच्या तारांवरून घरगुती ब्रॉडबँड सेवा पुरवणारी तंत्रप्रणाली आहे. घरातील मोडेम आणि दूरध्वनी केंद्रातील किंवा रस्त्याकडेच्या पेटीतील उपकरण (डीएसलॅम) जोडणी सुरू होताना माहितीवहनाचा जो दर आपसांत ठरवतात, त्याला समक्रमण वेग म्हणतात. तारेवरील विद्युत गोंगाटामुळे बिघडलेली माहिती ओळखणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या व्यवस्थेला त्रुटिसंरक्षण असे म्हणतात. या दोन्ही गोष्टी तारेच्या एकाच मर्यादित क्षमतेतून भागवाव्या लागतात. त्यामुळे संरक्षण वाढवल्यास एकतर वेग घटतो किंवा विलंब वाढतो. जोडणी मंदावण्याचे अथवा वारंवार तुटण्याचे निदान करताना हा संबंध लक्षात घेणे आवश्यक असते.

## पार्श्वभूमी

गोंगाट असलेल्या माध्यमातून किती वेगाने बिनचूक माहिती पाठवता येईल, याची सैद्धांतिक मर्यादा अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडली. १९६० मध्ये आयर्विंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी त्रुटी दुरुस्त करणारा कोड प्रसिद्ध केला. रीड–सॉलोमन कोड या नावाने ओळखला जाणारा हा कोड पुढे कॉम्पॅक्ट डिस्क, अंतराळयाने आणि डीएसएल अशा विविध क्षेत्रांत वापरला गेला.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एडीएसएलचे मानक १९९९ मध्ये, एडीएसएल२+ चे २००३ मध्ये आणि व्हीडीएसएल२ चे २००६ मध्ये स्वीकारले. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड ठरवले. जानेवारी २००५ पासून भारत संचार निगम (बीएसएनएल) व महानगर टेलिफोन निगम (एमटीएनएल) यांनी आपल्या तांब्याच्या जाळ्यावर ही सेवा देण्यास सुरुवात केली. मुंबईत एमटीएनएल, तर उर्वरित महाराष्ट्र व गोव्यात बीएसएनएल ही सेवा देत असे. प्रकाशीय तंतूंच्या प्रसारामुळे डीएसएलचा वापर घटत असला, तरी जगातील अनेक भागांत तांब्याच्या जोडण्या अजून वापरात आहेत.

## समक्रमण वेग कसा ठरतो

डीएसएलमध्ये उपलब्ध वारंवारता-पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्‌झ अंतरावरील अनेक अरुंद भागांत विभागलेला असतो. या भागांना टोन म्हणतात. एडीएसएलमध्ये सुमारे १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंत २५६ टोन असतात, तर एडीएसएल२+ मध्ये सुमारे २.२ मेगाहर्ट्‌झपर्यंत ५१२ टोन असतात. सर्व टोन मिळून दर सेकंदाला ४,००० चिन्हे पाठवली जातात, म्हणजे एका चिन्हाला २५० मायक्रोसेकंद मिळतात.

जोडणी सुरू होताना दोन्ही उपकरणे प्रत्येक टोनवरील संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर मोजतात आणि त्या टोनवर एका चिन्हात किती बिट बसवायचे हे ठरवतात. हे गुणोत्तर साधारण ३ डेसिबेलने वाढले की १ बिट अधिक बसतो. एका टोनवरील कमाल मर्यादा १५ बिटांची आहे. सर्व टोनवरील बिटांची बेरीज आणि चिन्हांचा दर यांवरून तारेवरील एकूण दर निघतो.

मोडेम तारेची संपूर्ण क्षमता वापरत नाही. पुढे गोंगाट वाढल्यास जोडणी टिकावी म्हणून काही क्षमता राखून ठेवली जाते. या राखीव भागाला एसएनआर मार्जिन म्हणतात. त्याचे प्रचलित लक्ष्यमूल्य ६ डेसिबेल असते. गोंगाट तेवढा वाढला तरी चुकीच्या बिटांचे प्रमाण १ कोटीमागे १ पेक्षा अधिक होऊ नये, असा त्याचा अर्थ आहे. लक्ष्यमूल्य ३ डेसिबेलने वाढवल्यास प्रत्येक वापरातील टोनवर साधारण १ बिट कमी बसतो. २०० टोन वापरात असतील, तर २०० × ४,००० या हिशेबाने सुमारे ८०० किलोबिट प्रतिसेकंद इतका वेग कमी होतो.

मार्जिन दिवसभर स्थिर राहत नाही. सूर्यास्तानंतर मध्यम लहरींवरील दूरची नभोवाणी केंद्रे अधिक जोरात ऐकू येतात. त्यांच्या वारंवारता डीएसएलच्या पट्ट्यातच येत असल्याने रात्री गोंगाट वाढतो. दुपारी चढ्या वेगाने जुळलेली जोडणी त्यामुळे रात्री अस्थिर होऊ शकते.

## त्रुटिसंरक्षणाचे घटक

### रीड–सॉलोमन कोड

माहितीच्या प्रत्येक गटाला काही तपासणी-बाइट जोडले जातात. डीएसएलमध्ये एका गटात जास्तीत जास्त २५५ बाइट असतात व त्यांपैकी १६ पर्यंत तपासणी-बाइट असू शकतात. जितके तपासणी-बाइट असतील, त्यांच्या निम्मे बिघडलेले बाइट दुरुस्त करता येतात. १६ तपासणी-बाइट असल्यास गटातील ८ बाइट बिघडले तरी मूळ माहिती परत मिळते.

### इंटरलीव्हिंग

विजेची उपकरणे चालू-बंद होताना उठणारा गोंगाट क्षणिक पण तीव्र असतो. ८ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीत एक चिन्ह नष्ट झाले, तर सलग २५० बाइट बिघडतात. ८ बाइट दुरुस्त करणारा कोड येथे अपुरा पडतो. म्हणून वेगवेगळ्या गटांतील बाइट एकमेकांत मिसळून पाठवले जातात व पलीकडे पुन्हा मूळ क्रमाने लावले जातात. ६४ गटांचे बाइट असे मिसळल्यास त्या २५० बाइटांचा आघात ६४ गटांत वाटला जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४ बाइट येतात आणि सर्व गट दुरुस्त होतात. मात्र बाइट पुन्हा क्रमाने लावण्यासाठी थांबावे लागत असल्याने विलंब वाढतो.

### ट्रेलिस कोड

ऑस्ट्रियन अभियंते गॉटफ्रिड उंगरबोक यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर हा कोड आधारलेला आहे. तो सततच्या सौम्य गोंगाटाविरुद्ध उपयुक्त ठरतो. रीड–सॉलोमन कोड व इंटरलीव्हिंग ही जोडी क्षणिक आघातांविरुद्ध अधिक परिणामकारक असते.

### पुनःप्रेषण

२०१० मध्ये स्वीकारलेल्या जी.९९८.४ या मानकानुसार बिघडलेला भाग पुन्हा मागवता येतो. ही पद्धत जी.आयएनपी या नावाने ओळखली जाते. तिच्यात तारेची क्षमता प्रामुख्याने आघात झाला तेव्हाच खर्च होते. त्यामुळे कायमस्वरूपी मोठ्या प्रमाणात तपासणी-बाइट पाठवण्याची गरज कमी होते. त्यासाठी दोन्ही टोकांच्या उपकरणांत ही सोय असावी लागते.

## संरक्षण, वेग आणि विलंब यांचा हिशेब

किती सलग चिन्हे पूर्णपणे नष्ट झाली तरी माहिती दुरुस्त होईल, या संख्येला आवेग-गोंगाट संरक्षण (आयएनपी) म्हणतात. रीड–सॉलोमन कोड व इंटरलीव्हिंग यांच्या जोडीसाठी ते स्थूलमानाने पुढीलप्रमाणे काढता येते:

आवेग-गोंगाट संरक्षण = २ × विलंब (मिलिसेकंदांत) × एकूण बाइटांतील तपासणी-बाइटांचे प्रमाण

२ चिन्हांचे संरक्षण हवे असून १६ मिलिसेकंद विलंब चालत असेल, तर तपासणी-बाइटांचे प्रमाण ६.२५ टक्के असावे लागते. तेवढेच संरक्षण ८ मिलिसेकंदांत हवे असल्यास हे प्रमाण १२.५ टक्के होते. ८ मिलिसेकंदांतच ४ चिन्हांचे संरक्षण मागितल्यास तारेच्या क्षमतेचा २५ टक्के भाग तपासणी-बाइटांवर खर्च होतो. कोडमुळे मिळणारा लाभ या घटीची काही अंशी भरपाई करतो, परंतु मूळ देवघेव टळत नाही. चित्रपट पाहताना काही मिलिसेकंदांचा विलंब जाणवत नाही. ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांना मात्र तो नकोसा असतो. म्हणून काही सेवापुरवठादार विनंतीवरून इंटरलीव्हिंग बंद करून देतात.

## मोडेमवरील नोंदींचा अर्थ

बहुतेक मोडेमच्या व्यवस्थापन पानावर जोडणीच्या स्थितीची आकडेवारी दिसते. निदानासाठी पुढील नोंदी महत्त्वाच्या असतात.

* एसएनआर मार्जिन: हा आकडा शून्याच्या जवळ आल्यास जोडणी तुटण्याचा संभव असतो. समक्रमणानंतर तो किती खाली-वर होतो, हेही पाहावे लागते.
* क्षीणन: तारेतून जाताना संकेत किती दुबळा होतो याचे हे माप आहे. ते मुख्यतः तारेची लांबी व जाडी यांवर अवलंबून असते, त्यामुळे सहसा स्थिर राहते. त्यात अचानक वाढ झाल्यास तारेत किंवा जोडात बिघाड असल्याची शंका घेता येते.
* एफईसी: दुरुस्त झालेल्या त्रुटींची संख्या. ती मोठी असणे हे स्वतः दोषाचे लक्षण नाही.
* सीआरसी: दुरुस्त न होऊ शकलेल्या त्रुटींची संख्या. यातील प्रत्येक नोंद म्हणजे माहितीचा काही भाग खराब झाल्याची खूण असते.
* ईएस व एसईएस: ज्या सेकंदात किमान एक सीआरसी त्रुटी आढळते तो त्रुटियुक्त सेकंद (ईएस), आणि ज्यात १८ किंवा अधिक आढळतात तो गंभीर त्रुटियुक्त सेकंद (एसईएस) होय.

एफईसीचा आकडा वाढत असून सीआरसीचा स्थिर असेल, तर संरक्षण आपले काम करीत आहे असे समजावे. दोन्ही आकडे वेगाने वाढत असल्यास गोंगाट संरक्षणाच्या पलीकडे गेलेला असतो.

## निदानाची पद्धत

सर्वप्रथम मोडेम बंद न करता किमान २४ तासांच्या नोंदी ठरावीक अंतराने टिपून ठेवणे हितावह असते. मोडेम पुन्हा सुरू केल्यास अनेकदा जुनी आकडेवारी पुसली जाते आणि त्रुटी कोणत्या वेळी वाढतात हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

त्यानंतर तार घरात जेथे प्रथम शिरते, तेथेच मोडेम जोडून पाहिला जातो. वेग किंवा मार्जिन स्पष्टपणे सुधारल्यास दोष घरातील अंतर्गत वायरिंगमध्ये असतो. निरनिराळ्या खोल्यांत नेलेल्या समांतर तारा संकेत परावर्तित करतात व अँटेनाप्रमाणे गोंगाट ओढून घेतात. स्प्लिटरशिवाय जोडलेला एखादा दूरध्वनी संच संपूर्ण जोडणी बिघडवू शकतो. घंटी वाजताच जोडणी तुटत असेल, तर स्प्लिटर किंवा तारेचा जोड सदोष असण्याचा संभव असतो.

दूरध्वनीवर खरखर ऐकू येत असल्यास दोष बहुधा तारेत असतो. जोडीतील दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यामुळे बाहेरील गोंगाट दोन्हींवर जवळपास सारखा येतो व एकमेकांविरुद्ध वजा होतो. एका तारेच्या जोडावर गंज चढला किंवा पावसाळ्यात ओल शिरली, तर हा समतोल बिघडतो आणि तीच तार गोंगाट शोषू लागते. असा दोष मोडेमच्या कोणत्याही मांडणीने दूर होत नाही. तारेचा जोड बदलणे हाच त्यावरील उपाय असतो.

त्रुटी ठरावीक वेळीच वाढत असतील, तर विजेच्या उपकरणांचा शोध घ्यावा लागतो. सदोष अ‍ॅडॅप्टर, एलईडी दिव्यांची चालक-मंडले, डिमर व विजेची कुंपणे हे गोंगाटाचे नेहमीचे स्रोत आहेत. मोडेमचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टरही त्यास अपवाद नाही. मध्यम लहरींवर केंद्र नसलेल्या जागी लावलेला छोटा रेडिओ अशा उपकरणाजवळ नेल्यास गुणगुण किंवा खरखर वाढते. ५० हर्ट्‌झ वीजपुरवठा असलेल्या देशांत अशा पुनरावृत्त गोंगाटाचे आघात सहसा दर १० मिलिसेकंदांनी येतात.

वेल्समधील अबरहोसन या गावाचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. तेथे सुमारे १८ महिने दररोज सकाळी ७ वाजता ब्रॉडबँड सेवा विस्कळीत होत असे. तारा बदलूनही दोष कायम राहिला. अखेर ओपनरीच या कंपनीच्या अभियंत्यांनी वर्णपट-विश्लेषकाच्या साहाय्याने शोध घेतला, तेव्हा एका घरातील जुना दूरचित्रवाणी संच सुरू होताना तीव्र विद्युत गोंगाट निर्माण करीत असल्याचे आढळले. ही बाब सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली. संच बंद केल्यावर सेवा सुरळीत झाली.

## स्वयंचलित व्यवस्थापन

अनेक सेवापुरवठादार प्रत्येक जोडणीतील त्रुटियुक्त सेकंद व पुनर्समक्रमणांची संख्या यांवर लक्ष ठेवतात. अस्थिरता दिसल्यास त्यांची यंत्रणा लक्ष्य-मार्जिन वाढवते, इंटरलीव्हिंग सुरू करते किंवा वेगावर मर्यादा घालते. त्यामुळे अधिक वेग मिळावा म्हणून मोडेम वारंवार बंद-चालू करणे उलट परिणाम घडवू शकते. वीज गेल्यावर अनेक मोडेम शेवटच्या क्षणी तसा इशारा पाठवतात. त्यावरून वीज जाणे व तारेतील दोष यांत भेद करता येतो, तथापि तो इशारा पोहोचेलच याची खात्री नसते.

मूळ दोष दूर झाल्यावरही वेग लगेच पूर्ववत होईल असे नाही. जोडणी काही काळ स्थिर राहिल्यावर यंत्रणा निर्बंध टप्प्याटप्प्याने शिथिल करते, अथवा सेवापुरवठादाराला ते हटवण्याची विनंती करावी लागते.

## समक्रमण वेग व प्रत्यक्ष वेग

समक्रमण वेग म्हणजे ग्राहकास मिळणारा वेग नव्हे. एडीएसएलमध्ये माहिती ५३ बाइटांच्या एटीएम पेशींतून जाते व त्यांपैकी ४८ बाइटच माहितीचे असतात. ८,००० किलोबिट प्रतिसेकंद समक्रमण वेगापैकी त्यामुळे सुमारे ७,२४५ किलोबिटच उरतात व इतर शीर्षकांमुळे ते आणखी घटतात. तसेच एक पेशी बिघडली, तरी ती ज्या मोठ्या पॅकेटचा भाग असते ते संपूर्ण पॅकेट टाकून द्यावे लागते. पॅकेट हरवू लागली की इंटरनेटवरील टीसीपी नियमावली आपणहून वेग कमी करते. म्हणून चढ्या समक्रमण वेगाची पण त्रुटींनी भरलेली जोडणी थोड्या कमी वेगाच्या स्वच्छ जोडणीपेक्षा प्रत्यक्षात मंद ठरू शकते. गोंगाटाचा स्रोत दूर केल्यास मात्र तारेची क्षमताच वाढते आणि वेग व संरक्षण दोन्हींसाठी अधिक वाव मिळतो.

## हे सुद्धा पहा

* ब्रॉडबँड
* मोडेम
* रीड–सॉलोमन कोड
* क्लॉड शॅनन
* प्रकाशीय तंतू