खोक्याच्या बाजूची बारीक अक्षरं

या आठवड्यात नखांबद्दल लिहीन, असं मागच्या वेळी म्हटलं होतं. नखातली बुरशी सावकाश चालणारी आहे, तिला पुढच्या रविवारवर ढकलतो. मंगळवारी आलेल्या एका पाकिटाचं उत्तर मात्र थांबवता येत नाही.

पत्र कोकणातल्या एका ताईंचं आहे. वय ४१. पत्राला औषधाच्या खोक्याची कात्रीनं कापलेली एक बाजू स्टेपल केलेली. त्या लिहितात, ‘दीड वर्षापासून खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं. मेडिकलमधून ही ट्यूब आणते. तीन दिवसांत आराम पडतो, महिन्याभरात पुन्हा तेच. चिखल्यांच्या लेखात तुम्ही क्लोट्रिमाझोल सांगितलंत. माझ्याही ट्यूबमध्ये तेच आहे. मग बरं का होत नाही? डॉक्टरांकडे जायची लाज वाटते.’

पत्रापेक्षा ती कापलेली पट्टी मी जास्त वेळ वाचली. बत्तीस वर्षं मेडिकल चालवलं, त्यामुळे खोकं हातात आलं की आधी बाजू फिरवायची सवय आहे. पुढचं मोठं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, औषधाचं खरं नाव बाजूला बारीक अक्षरांत असतं. ताईंच्या पट्टीवर तीन नावं होती : क्लोट्रिमाझोल १ टक्का, निओमायसिन ०.५ टक्के, बेक्लोमेथासोन ०.०२५ टक्के.

पहिलं नाव आपल्या ओळखीचं. बुरशीची पेशी स्वतःचं आवरण घट्ट ठेवण्यासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ बनवते. आपल्या पेशी त्या जागी कोलेस्टेरॉल वापरतात. क्लोट्रिमाझोल हे एर्गोस्टेरॉल तयार होतानाच मध्ये अडवतं, म्हणून बुरशीचं आवरण गळकं होतं आणि आपल्या पेशींना फारसा धक्का लागत नाही. पण हे काम एका रात्रीत होत नाही. म्हणूनच कातडीवरच्या यीस्टसाठी, म्हणजे बुरशीच्याच एका प्रकारासाठी, मलम दोन ते चार आठवडे लावायला सांगतात. दुसरं नाव, निओमायसिन, बॅक्टेरियावरचं. यीस्टला त्यानं काहीच होत नाही.

तिसरं नाव स्टेरॉइडचं. ताईंना तीन दिवसांत पडतो तो आराम याचा. स्टेरॉइड कातडीची लाली आणि खाज शांत करतं, म्हणजे शरीर बुरशीविरुद्ध जी आरडाओरड करत असतं तिचा आवाज बंद करतं. खाज गेली की माणूस ट्यूब ठेवून देतो. अर्धी मेलेली बुरशी तिथेच असते, आणि तिच्याशी लढणारी कातडी तेवढ्यापुरती दुबळी झालेली असते.

माझ्या दुकानातून अशा तीन औषधांच्या ट्यूब वर्षानुवर्षं गेल्या, हे मी इथे लिहून ठेवतो. गिऱ्हाईक यायचं, मुडपत मुडपत कागदासारखी चपटी केलेली रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, ‘तीच द्या.’ मी तीच द्यायचो. एकदा विशीतला एक मुलगा आला. त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर त्यानं जांघेतली कातडी दाखवली. गरोदर बाईच्या पोटावर पडतात तसे जांभळट पट्टे, बोटभर रुंद, आणि कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. गजकर्णासाठी आठ महिने ट्यूब लावली होती. गजकर्ण तर होतंच, वर हे पट्टे. ते फिके पडतात, पण कायमचे पुसले जात नाहीत. त्या दिवसापासून मी रिकामी ट्यूब हातात आली की बाजू वाचून दाखवायला लागलो.

वाचणं अवघड नाही, नावांची शेपटं बघायची. बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन : शेवटी ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ आलं की बहुधा स्टेरॉइड. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल : हे बुरशीवरचे. इथे एक ठेच लागते. मेट्रोनिडाझोल आणि ऑर्निडाझोल यांच्याही शेवटी ‘झोल’ आहे, पण ‘निडाझोल’ घराणं वेगळं. ते बॅक्टेरिया आणि काही एकपेशीय जीवांवरचं, बुरशीला लागू पडत नाही. आणखी एक खूण : खोक्याच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. बाहेरून लावायच्या स्टेरॉइडांना या नियमातून पूर्वी सूट होती. मार्च २०१८ मध्ये त्यांतल्या १४ स्टेरॉइडांची सूट काढली गेली. नियम कागदावर आला, पण ‘तीच द्या’ काही थांबलेलं नाही.

नावांचा विषय निघाला आहे तर माझं सर्वांत आवडतं नाव सांगतोच. यीस्टवरचं एक जुनं औषध आहे, निस्टॅटिन. १९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क शहरात एलिझाबेथ हेझन मातीतले सूक्ष्मजीव वाढवून बुरशीवर तपासत होत्या, आणि दीड-दोनशे किलोमीटरहून दूर ऑल्बनीत रेचल ब्राउन त्यांतलं रसायन वेगळं काढत होत्या. दोघी एकाच सरकारी आरोग्य खात्यात होत्या, पण शहरं वेगळी. मग काचेच्या बरण्यांत भरलेले नमुने साध्या टपालानं इकडून तिकडे जायचे, शुद्ध केलेलं रसायन तिकडून परत यायचं. हवा तो जीव अखेर हेझनबाईंच्या स्नेह्यांच्या व्हर्जिनियातल्या शेतावरच्या मातीत सापडला. स्नेह्यांचं आडनाव नोर्स, म्हणून जीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस नोर्सेई. औषध १९५० मध्ये जाहीर झालं आणि न्यूयॉर्क स्टेटवरून त्याचं नाव निस्टॅटिन पडलं. रॉयल्टीचे एक कोटी तीस लाख डॉलरहून जास्त आले. दोघींनी ते स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिले. १९६६ साली फ्लॉरेन्सला पूर आला, तेव्हा भिजलेल्या कलाकृतींवरची बुरशी रोखायलाही हेच औषध वापरलं गेलं. एका औषधाच्या नावात राज्य आहे आणि त्याच्या जीवाच्या नावात मैत्री आहे. हे आठवलं की मला बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा येत नाही.

आता ताईंच्या प्रश्नातलं दुसरं. ट्यूबमधून स्टेरॉइड काढून टाकलं तरी भागेल का? कदाचित नाही. त्यांनी मलम बाहेरून लावलं आहे, आणि पांढरं जातंय ते आतून. योनीमार्गातल्या यीस्टसाठी क्लोट्रिमाझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या वेगळ्या मिळतात : १०० मिलिग्रॅमची रोज रात्री एक अशी सहा-सात दिवस, किंवा ५०० मिलिग्रॅमची एकच. कातडीचं मलम त्यांची जागा घेऊ शकत नाही.

त्याआधीचाही एक प्रश्न आहे : हे यीस्ट आहे का? यीस्टचं जाणं बहुधा दह्याच्या कवडीसारखं घट्ट असतं, खाज आणि आग फार, वास जवळजवळ नाही. पातळ, करडं आणि मासळीसारख्या वासाचं जात असेल तर तो बॅक्टेरियांचा समतोल बिघडल्याचा प्रकार. फेसाळ, पिवळसर हिरवं असेल तर ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय जीव असू शकतो, आणि मग नवऱ्यालाही औषध लागतं. या दोन्हींत क्लोट्रिमाझोलच्या भरवशावर राहता येत नाही, तिथे ‘निडाझोल’ घराणं लागतं. अमेरिकेत यीस्टची औषधं चिठ्ठीशिवाय मिळतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून असं औषध घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं, तर निव्वळ यीस्ट साधारण एक तृतीयांश जणींनाच निघालं. त्या बायका निष्काळजी नव्हत्या. नुसत्या खाजेवरून हे ओळखणं खरंच कठीण आहे.

आणि यीस्टच असेल तर दर महिन्याला परत का यावं? माझ्या डोक्यात पहिली शंका साखरेची येते. अंगात साखर वाढली की यीस्टला आयतं जेवण मिळतं. वारंवार होणारी अशी खाज हीच मधुमेहाची पहिली खूण ठरलेले लोक मी पाहिलेत, त्यांत पुरुषही आहेत. मधुमेह आधीच असेल तर गोळ्यांची पट्टी बघा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी ‘फ्लोझिन’ शेपटाची औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. औषध चांगलं, पण त्या ओल्या, गोड जागेत यीस्ट वाढतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना हे सांगा. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर तेही सांगा. आणि तुरटीच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्यानं आतून धुणं थांबवा. त्यानं राखणदार जंतूच आधी जातात.

तर ताई, ही ट्यूब आता पुन्हा आणू नका. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगाची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. जाण्याआधी दोन-तीन दिवस आत काहीही लावू-ठेवू नका, म्हणजे तपासणीत खरं ते दिसेल. उपाशीपोटी साखर तपासा. दीड वर्ष कोणती ट्यूब लावली ते सांगायला शब्द सुचले नाहीत, तर मला पाठवलीत तशी खोक्याची बाजू कापून न्या आणि टेबलावर ठेवा. डॉक्टरांना तेवढं पुरेल. दिवस राहिल्याची शक्यता असेल तर ते सर्वांत आधी सांगा, कारण पोटातून घ्यायची फ्लुकोनाझोलची गोळी तेव्हा टाळतात. ताप, ओटीपोटात दुखणं किंवा रक्त जाणं असेल तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका.

काखेत, स्तनांखाली, जांघेत नुसतं कातडीवरचं यीस्ट असेल आणि ट्यूबमध्ये एकटं क्लोट्रिमाझोल असेल, तर बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघालेलं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. जागा आधी पूर्ण कोरडी करायची. दिवसातून दोनदा लावायचं, आणि कातडी साफ दिसू लागल्यावरही निदान आठवडाभर चालू ठेवायचं. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर तिसरी ट्यूब आणायची नाही, कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं.

नखं पुढच्या रविवारी. नखपॉलिश लावत असाल तर तोवर एका नखाचं काढून ठेवा, रंग बघायचा आहे.