बटणच दिवा झाले तर: प्रकाश देणारे सेंद्रिय ट्रान्झिस्टर

उज्जैनच्या हरसिद्धी मंदिराच्या आवारात मराठेशाहीतल्या दोन उंच दीपमाळा आहेत. दोन्ही मिळून हजारावर दिवे. ते लावायला माणसे तेलवात घेऊन दगडी खुंट्यांवर पाय देत वर चढतात. दिवा नुसता असून चालत नाही, त्याच्यापर्यंत कुणाचा तरी हात पोचावा लागतो.

मोबाइलच्या ओएलईडी पडद्याचे दुखणे नेमके हेच. १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी दाबाच्या विजेवर उजळणारा सेंद्रिय डायोड दाखवला, आणि आजचे पडदे त्याच घराण्यातले. पण डायोड हा निव्वळ दिवा. त्याला लावायला, विझवायला, मंद करायला प्रत्येक ठिपक्यामागे निदान दोन ट्रान्झिस्टर बसवावे लागतात. १०८० बाय २४०० च्या पडद्यावर असे ठिपके २५ लाखांहून जास्त! मग ट्रान्झिस्टरच उजळला तर?

इथे ‘सेंद्रिय’ शब्दाने फसू नका, भाजीबाजारातल्या सेंद्रियशी त्याचा काही संबंध नाही. कार्बनच्या सांगाड्यावर रचलेले रेणू, एवढाच अर्थ. कपाटातली डांबरगोळी घ्या. ती नॅफ्थलीनची, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन बेंझीन कड्यांची. तीन कड्या झाल्या की अँथ्रासीन, चार झाल्या की नारिंगी रंगाचे टेट्रासीन. हे टेट्रासीन अर्धवाहक आहे. डांबरगोळी न वितळता हळूहळू हवेत विरते, तसेच टेट्रासीन निर्वात पेटीत तापवले की त्याची वाफ होते आणि समोरच्या थंड पट्टीवर तिचा पातळ थर धरतो. पट्टीवर आधी विद्युतरोधक थर आणि सोन्याची दोन विद्युत अग्रे तयार असतात, सोर्स आणि ड्रेन. रोधकाखाली तिसरे अग्र, गेट. हवा आणि दमटपणा यांचे या थरांशी मुळीच जमत नाही, म्हणून पुष्कळसे काम बंद पेटीत हातमोजे घालून चालते.

जर्मनीतल्या डार्मस्टाट इथल्या संशोधकांनी २००३ साली टेट्रासीनच्या अशाच ट्रान्झिस्टरमधून प्रकाश मिळवला. गेटवरच्या विजेने प्रवाह वाढला की उजेड वाढे, घटला की घटे.

पण मला खरी नवलाई वाटते ती पुढच्या टप्प्याची. काही पदार्थांत एका टोकाकडून इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या टोकाकडून ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, असे दोन्ही चालत येतात. वाटेत जिथे गाठ पडते तिथे प्रकाशाची बारीक रेघ उमटते. गेटवरचा दाब बदलला की रेघ सरकते, या काठाकडून त्या काठाकडे. केंब्रिजच्या याना झाउमझाइल, रिचर्ड फ्रेंड आणि हेनिंग सिरिंगहाउस यांनी २००६ साली हे दाखवून दिले. रेघ मधोमध आणणे फार मोलाचे, कारण धातूच्या अग्राला खेटून निघालेला प्रकाश बराचसा तिथेच मरतो.

२०१० मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या मिकेले मुचिनी आणि सहकाऱ्यांनी तीन थरांची युक्ती केली: वरचा आणि खालचा थर विद्युतभार वाहणारा, मधला फक्त उजळणारा. बाह्य क्वांटम कार्यक्षमता ५ टक्क्यांवर गेली, म्हणजे आत गेलेल्या दर १०० इलेक्ट्रॉनांमागे ५ प्रकाशकण बाहेर. आकडा किरकोळ वाटेल, पण तोच प्रकाश देणारा थर वापरून उत्तम जमवलेल्या ओएलईडीच्या तो दुपटीहून जास्त होता.

आपल्याकडे नागपूर विद्यापीठाचे संजय ढोबळे हे ओएलईडीवरच्या २०१७ सालच्या इंग्रजी ग्रंथाचे एक लेखक आहेत. ट्रान्झिस्टरकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आधी डायोड नीट समजून घ्यावा, हे बरे.

अडचणी आहेतच. यातल्या बऱ्याच ट्रान्झिस्टरांना दहांच्या पटीत व्होल्ट लागतात, उजळणारी पट्टी अरुंद असते, आयुष्यही तोकडे. त्यामुळे तुमच्या खिशातल्या फोनमध्ये दिवा अजून वेगळा आहे, आणि तो लावणारा वेगळा.