जनित्र, सुवाह्य (घरगुती जोडणी)

एकदोन माणसांस उचलून किंवा चाकांवरून ढकलून नेता येईल अशा, अंतर्ज्वलन एंजिनावर चालणाऱ्या लहान विद्युत् जनित्रास सुवाह्य जनित्र म्हणतात. घरगुती वापरातील अशा जनित्रांची क्षमता सामान्यतः १ ते ५ किलोव्होल्ट-अँपिअर (केव्हीए) असते. एंजिन पेट्रोल, डिझेल किंवा द्रवीकृत वायूवर चालते. पेट्रोलवर सुरू करून पुढे केरोसिनवर चालविण्याची जनित्रेही भारतात दीर्घकाळ प्रचारात होती. दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटास ३,००० फेरे या वेगाने फिरविले असता ५० हर्ट्झ कंप्रतेचा व २३० व्होल्ट दाबाचा एककला प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो. महावितरणच्या तारांतून घरात येणारी वीज याच दाबाची व याच कंप्रतेची असते. म्हणून जनित्र घरातील तारांस जोडणे सोपे वाटते आणि नेमका त्यातच धोका आहे.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत विजेची मोठी तूट होती. वितरणातील गळती व वसुली यांनुसार फीडरांचे गट पाडून भारनियमन केले जाई. नाशिकजवळ एकलहरे येथे १९७० च्या दशकाच्या आरंभापासून औष्णिक वीजकेंद्र असले, तरी तेथील वीज राज्याच्या जालकात जात असल्यामुळे शहराच्या व जिल्ह्याच्या वाट्यास काळोख यावयाचा तो येतच असे. याच काळात शहरातील घरोघरी बॅटरीवरील इन्व्हर्टर आले, तर बंगले, दुकाने आणि दिंडोरी-निफाडकडील द्राक्षमळ्यांतील वस्त्या येथे सुवाह्य जनित्रे आली. मळ्यातील घर पुष्कळदा शेतीपंपांच्या फीडरवर असते व त्यावर त्रिकला पुरवठा ठराविक तासांपुरताच मिळतो. त्यामुळे भारनियमन कमी झाल्यावरही अशा ठिकाणी जनित्राची गरज उरली. वळवाच्या वादळात खांब पडून दोनदोन दिवस वीज नसणे हेही तेथे नवे नाही.

उलट पुरवठा : जनित्र घरास जोडण्याची सर्वांत वाईट आणि दुर्दैवाने सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन्ही टोकांस पिना असलेली केबल करून तिचे एक टोक जनित्रात व दुसरे घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटात खुपसणे. असे केल्याने घरातील सर्व मंडले उलट दिशेने भारित होतात व मेन स्विच चालू असल्यास मीटरमधून वीज बाहेरच्या तारांत जाते. शिवाय केबलचे सॉकेटात न बसविलेले टोक हातात असताना त्याच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट दाब असू शकतो.

बाहेर गेलेली ही वीज गल्लीतील तारांवरच थांबत नाही. वितरण रोहित्र (ग्रामीण बोलीतील ‘डीपी’) उच्च दाबाच्या ११,००० व्होल्टचे रूपांतर दोन कलांमधील ४३३ व्होल्टमध्ये, म्हणजे कला व न्यूट्रल यांमधील सु. २५० व्होल्टमध्ये करते. रोहित्र दोन्ही दिशांनी सारखेच काम करते. उच्च दाबाकडील वेटोळी त्रिकोण जोडणीत व नीच दाबाकडील तारा जोडणीत असल्याने गुणोत्तर ४४ येते; जनित्राचे २३० व्होल्ट एका कलेस दिले, तर पलीकडे दोन तारांमध्ये सु. १०,००० व्होल्ट दाब निर्माण होऊ शकतो. शेजारची घरे त्याच तारांवर असल्यास त्यांच्या भाराखाली लहान जनित्र बहुधा दबून बंद पडते, आणि ‘आजवर काही झाले नाही’ असा समज रुजण्याचे कारण हेच आहे. परंतु तार जवळच तुटलेली असेल किंवा मळ्यातील रोहित्रावर ते एकच घर असेल, तर भार नसतो व पूर्ण दाब टिकून राहतो. दुरुस्तीची वेळ नेमकी अशीच असते.

त्या वेळी खांबावर वीज कर्मचारी असतो. लाइनमनने परमिट घेऊन, खांबावरील एबी स्विच उघडून, तारा विसर्जन-दांड्याने निर्भारित करून व कामाच्या दोन्ही बाजूंस भूसंपर्क जोडूनच काम करावे असा दंडक आहे आणि तो पाळला गेल्यास उलट आलेला प्रवाह जमिनीत जाऊन जनित्र बंद पडते. तथापि नीच दाबाच्या तारांवरील फुटकळ दुरुस्ती पुष्कळदा केवळ रोहित्राच्या वितळतारा काढून केली जाते. वितळतारा काढल्याने वरून येणारी वीज थांबते. एखाद्या घरातून येणारी थांबत नाही. नीच दाबाचे २३० व्होल्टही प्राण घेण्यास पुरेसे आहेत.

जनित्राच्या मालकासही यात सुटका नाही. जनित्र जोडलेले असताना बाहेरची वीज परत आली, तर दोन्ही स्रोतांच्या तरंगांचा मेळ नसतो. ते अगदी विरुद्ध कलेत असल्यास त्यांमधील दाब ४६० व्होल्टपर्यंत, व त्याचे शिखरमूल्य सु. ६५० व्होल्टपर्यंत जाते. अशा वेळी वेटोळी जळतात, एंजिनाच्या दंडास आचका बसतो व आगही लागू शकते.

मेन स्विच पाडून मग जनित्र लावले तर काय बिघडते, असे विचारले जाते. बिघडते एवढेच, की ही सुरक्षितता एका माणसाच्या स्मरणावर अवलंबून राहते. वीज आली का ते पाहण्यासाठी घरातील दुसरे कोणी तोच स्विच चढविते. दोन एमसीबी शेजारी बसवून ‘एक पाडल्यावर दुसरी चढवावी’ असा संकेत ठेवणे हेही त्याच प्रकारचे आहे.

अदलाबदल स्विच : दोन्ही स्रोत एकाच वेळी जोडले जाणे यांत्रिक दृष्ट्या अशक्य करणारे साधन म्हणजे अदलाबदल स्विच, बाजारात तो ‘चेंजओव्हर स्विच’ या नावानेच मिळतो. त्याच्या दांड्याच्या तीन स्थिती असतात : बाहेरची वीज, बंद व जनित्र. मधल्या बंद स्थितीतून गेल्यावाचून दांडा दुसऱ्या बाजूस जाऊ शकत नाही. त्याची जागा मीटर व मेन स्विच यांच्या पुढे आणि वितरण फलकाच्या आधी असते. एककला घरास द्विध्रुवी, तर त्रिकला घरास चतुर्ध्रुवी स्विच लागतो. प्रवाहक्षमता जनित्राच्या नव्हे, तर बाहेरून येणाऱ्या मोठ्या पुरवठ्याच्या मानाने निवडावी लागते, कारण तो सर्व प्रवाह बारा महिने याच स्विचातून जाणार असतो. स्वयंचलित प्रकारात दोन संपर्ककांमध्ये विद्युत् व यांत्रिक असे दोन्ही अंतर्बंध असावेत; केवळ विद्युत् अंतर्बंध पुरेसा नसतो, कारण संपर्कबिंदू वितळून चिकटू शकतात. सातपूर-अंबड येथील कारखान्यांत हजारो व्होल्टचे मंडलखंडक तयार होतात. त्याच शहरातील घरात हा साधा स्विच नसावा, हे चमत्कारिक आहे.

जनित्राची केबल घराच्या बाहेरील भिंतीवर बसविलेल्या आगम-पेटीत येते. पिना या पेटीत, म्हणजे वीज घेणाऱ्या बाजूस, व भोके केबलच्या टोकास असतात. त्यामुळे केबल निघाली तरी भारित धातू उघडा पडत नाही. केबल तीन गाभ्यांची व तांब्याची असावी. २.५ चौ. मिमी. केबलमध्ये २० मी. अंतरावर १० अँपिअर प्रवाहास सु. ३ व्होल्ट दाबघट होते, ती चालण्याजोगी आहे.

न्यूट्रल व भूसंपर्क : हा भाग तारतंत्र्यांकडूनही दुर्लक्षिला जातो. केवळ फेज बदलून न्यूट्रल सामाईक ठेवल्यास जनित्र बाहेरच्या तारेशी जोडलेलेच राहते. दोन्ही तारा बदलल्यास तो दोष जातो, परंतु दुसरा प्रश्न उभा राहतो. बाहेरच्या पुरवठ्याचा न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीस जोडलेला असतो. लहान जनित्राचा बहुधा कशासही जोडलेला नसतो. अशा स्थितीत एखाद्या उपकरणाची फेज त्याच्या पत्र्यास लागली, तरी प्रवाहास परतीचा मार्ग नसल्याने ३० मिलिअँपिअरचा गळती मंडलखंडक पडत नाही आणि दोष लपून राहतो. यावर उपाय म्हणजे उत्पादकाच्या सूचनेनुसार जनित्रापाशीच न्यूट्रल व सांगाडा जोडून तो सांगाडा घराच्या भूसंपर्कास जोडणे. द्विध्रुवी स्विच नसताना मात्र ही जोडणी करू नये. तसे केल्यास बाहेरच्या न्यूट्रलमधील शेजाऱ्यांचा प्रवाहही घराच्या भूसंपर्कातून वाहू लागतो. जनित्राच्या सांगाड्यास जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या असाव्यात, असा नियम १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांपासून चालत आला आहे. भूसंपर्कासाठी ३८ मिमी. व्यासाचा २.५ मी. लांब जस्तविलेपित नळ पुरतात. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात त्याचा रोध फार वाढतो, म्हणून त्यात पाणी घालीत राहणे आवश्यक असते.

भार : २.५ केव्हीए जनित्रातून सु. ११ अँपिअर प्रवाह मिळतो. दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच व प्रशीतक यांस तो पुरतो. पाण्याच्या पंपाचे तसे नाही : १ अश्वशक्तीचे एककला चलित्र चालताना सु. ६ अँपिअर घेत असले, तरी सुरू होताना त्याच्या पाचसहा पट प्रवाह ओढते. जनित्र तेवढा देऊ शकत नाही, दाब कोसळतो व चलित्र गुरगुरत तापते. घरात इन्व्हर्टरची वेगळी तारजोडणी अगोदरच असल्यास निवडक मंडले जनित्रावर घेणे सोपे जाते. मात्र इन्व्हर्टरचा न्यूट्रल इतर मंडलांच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला नाही याची खात्री करावी लागते.

छतावरील सौर संच असलेल्या घरांची संख्या वाढत असल्याने एक नवी बाब लक्षात घ्यावी लागते. जालकास जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच आपोआप बंद होतो. त्यास जनित्राची वीज मिळाल्यास तो तिलाच जालक समजून सुरू होऊ शकतो व घरात न खपलेली वीज जनित्रात लोटू लागतो. म्हणून त्याची जोडणी अदलाबदल स्विचाच्या अलीकडे, बाहेरच्या पुरवठ्याच्या बाजूस ठेवतात.

जागा : जनित्र नेहमी उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान ६ मी. दूर ठेवावे. पोर्च, जिन्याखालची जागा, बंद पार्किंग यांत ते चालविणे जीवघेणे ठरते. निष्कास वायूतील कार्बन मोनॉक्साइडास रंग वा वास नसतो व तो रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पट ओढीने बांधला जातो. झोपलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाही. पेट्रोल एंजिन बंद करून थंड झाल्यावरच भरावे.

नियम व तपासणी : १९५६ च्या नियमांतील ४७ अ नुसार जनित्र बसविणाऱ्या ग्राहकाने वीज पुरवठादारास व विद्युत् निरीक्षकास ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागे आणि १० किलोवॉटपेक्षा अधिक क्षमतेस निरीक्षकाची लेखी संमती लागे. त्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या व पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली. काम परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडूनच करून घ्यावयाचे असते. जोडणी झाल्यावर मेन स्विच पाडून, अदलाबदल स्विच जनित्राच्या बाजूस ठेवून जनित्र चालवितात आणि स्विचाच्या बाहेरच्या पुरवठ्याकडील अग्रांवर, फेज व न्यूट्रल दोन्हींवर, मापकाने दाब पाहतात. तो शून्य भरला, तरच जोडणी वापरण्यास योग्य समजतात.