वेबसाइटवर चॅट लावताय? रेंज गेल्यावर निरोपाचं काय होतं ते आधी विचारा

काटोल : आंबिया बहाराच्या सौद्यात निरोप वेळेवर पोचला पाहिजे. व्यापारी भाव कळवतो, शेतकरी बगीच्यात, रेंज नाही. तासाभरानं उत्तर जातं, तोवर गाडी दुसऱ्याच्या बगीच्यात लागलेली असते. म्हणून शेतकरी गटाच्या वेबसाइटवर चॅट लावायची असेल, तर ती कशावर बनते हे माहीत असलेलं बरं. ॲप घ्यावं लागत नाही, ब्राउझर उघडला की बोलणं सुरू, हा तिचा फायदा.

अशी चॅट जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. त्यासाठी तयार कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. पूर्वी ब्राउझर सर्व्हरला सारखा विचारायचा, 'काही आलं का?' 2011 मध्ये वेबसॉकेटचा नियम पक्का झाला. आता लाइन उघडीच राहते, निरोप आपणहून येतो.

सगळ्यात जास्त नाव सॉकेट डॉट आयओचं. वेबसॉकेट चालत नसेल तर ती जुन्या पद्धतीनं काम भागवते, लाइन तुटली की स्वतःच पुन्हा जोडते. आपल्याकडच्या रेंजला हे बरं. पण खोच इथंच आहे. रेंज नसताना तुम्ही लिहिलेलं ब्राउझर धरून ठेवतो, तेही पान बंद केलं नाही तरच. तुमच्याकडे येणारं मात्र सर्व्हर आपोआप जपत नाही. 2023 च्या 4.6 आवृत्तीत थोड्या वेळापुरती सोय आली, पण ती सुरू करावी लागते. बाकी निरोप डेटाबेसमध्ये ठेवायचं काम बनवणाऱ्याचं. सॉकजेएसमध्ये तर पुन्हा जोडणंही स्वतःच लिहावं लागतं.

स्ट्रोफी वेगळी. ती एक्सएमपीपी ही 1999 च्या जॅबरपासून चालत आलेली भाषा बोलते. यात तुम्ही ऑफलाइन असताना आलेले निरोप सर्व्हर ठेवून घेऊ शकतो. कन्व्हर्स ही तिच्यावरच बांधलेली तयार चॅट. मात्र प्रॉसडी किंवा ईजॅबरडीसारखा सर्व्हर बसवावा लागतो, ते एका संध्याकाळचं काम नाही.

चारही लायब्ररी फुकट आहेत, खर्च सर्व्हरचा. नुसती विचारपूस असेल तर सॉकेट डॉट आयओ आणि डेटाबेस पुरे. सौद्याचं बोलणं जपायचं असेल तर एक्सएमपीपीची मेहनत परवडते.

गावातल्या शिकलेल्या पोट्ट्यानं चॅट बनवून दिली, की फोन पाच मिनिटं एअरप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून तीन निरोप पाठवा. रेंज आल्यावर तीनही दिसले पाहिजेत. आणि पान बंद असताना घंटी वाजत नाही; त्यासाठी पुश नोटिफिकेशन वेगळं लावून मागा.