ग्रामपंचायत, अंगणवाडी, मनपा : कामाला लागण्याआधी



हल्ली बैठकीत कर्जाचा विषय संपला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, जागा निघाली म्हणतात, भरू का अर्ज?" कुणी अंगणवाडी मदतनिसाचं विचारतं, कुणी सुनेसाठी आशाचं. कुणाची लेक इथं पुंडलिकनगरात खोली करून भरतीचा अभ्यास करतेय. एकेकीला सांगण्यापेक्षा इथंच लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. सरकारचं काम करणारी प्रत्येक बाई सरकारी नोकरीत नसते. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत रोज सकाळी घंटागाडी येते. काम महापालिकेचं, पण गाडीवरच्या माणसाचा पगार ठेकेदाराकडून. मनपात टेबलामागं बसलेल्या कायम कर्मचाऱ्याची रजा वेगळी, पगार वेगळा, म्हातारपणही वेगळं. म्हणून कुठंही जागा निघाली की पहिलं विचारायचं, हजेरी कुणाच्या मस्टरवर लागणार आणि पगार कुणाच्या खात्यातून येणार?

कायम जागा मिळाली तर उत्तमच. दर महिन्याला पगार, बाळंतपणाची भरपगारी रजा, आणि साहेबाला वाटलं म्हणून काढता येत नाही. फक्त जुन्या पेन्शनचं गणित मनात धरू नका. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढं राज्यात नोकरीला लागलेल्यांसाठी ती योजना राहिली नाही. आणि लहान कुटुंबाची अट आहे. दोनपेक्षा जास्त लेकरं असतील तर अर्जाची फी भरण्याआधी ती अट नीट वाचा. अंगणवाडीलाही ती आहे.

आपल्यातल्या बहुतेकींच्या वाट्याला येतं ते मानधनाचं काम. अंगणवाडी योजना १९७५ पासून चालू आहे, आशा २००५ पासून. इतकी वर्षं झाली तरी कागदावर या ताया मानधनीच. आशाताईंना तर बराचसा मोबदला कामाच्या हिशोबानं मिळतो, जेवढी कामं नोंदवली तेवढे पैसे.

यात चांगलं काय? काम आपल्याच गावात. एसटीची वाट बघायची नाही, लेकरू डोळ्यासमोर राहतं. कापूस वेचणी संपली की हात रिकामे, असं होत नाही. कुठली योजना आली, कुणाचा कागद अडला, हे आधी कळतं. आणि खरं सांगू का, ज्या बाईला गावात फक्त नवऱ्याच्या नावानं ओळखत होते तिला लोक "आशाताई" म्हणून दारात बोलावतात, ही कमाई पैशात मोजता येत नाही.

पण मानधन कधीकधी दोन-दोन महिने लांबतं. चार तासांचं म्हणून घेतलेलं काम मोबाईलवर माहिती भरताना रात्री नऊपर्यंत पुरतं. सर्व्हे आला की तुम्हीच, लसीकरण आलं की तुम्हीच. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, त्या काही हौसेनं नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी मिळवलीय. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. म्हणजे नेमणुकीचं पत्र जपून ठेवा, एक दिवस ते लागणार आहे.

ग्रामपंचायतीत शिपाई, सफाई, पाणी सोडणं अशी कामं असतात. या कर्मचाऱ्यांना किमान वेतन लागू आहे, पण शासनाकडून येणारा हिस्सा गावाच्या करवसुलीशी जोडलाय. गावानं घरपट्टी थकवली की फटका तुमच्या पगाराला. पुढची वाट एक आहे, जिल्हा परिषदेच्या गट क आणि ड भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के जागा असतात. आणि गटातल्या पुढारी बायांनी हेही लक्षात घ्या, पंचायतीची पगारी नोकरी करताना त्याच पंचायतीत सदस्य होता येत नाही. निम्म्या जागा बायांच्या आहेत. तुम्हाला खुर्चीच्या कुठल्या बाजूला बसायचंय ते आधी ठरवा.

आता ठेका. ठेकेदाराकडं वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ बंधनकारक आहे. दहा हजार पगार धरला तर तुमचे १,२०० कापले जातात आणि तेवढेच मालकानं घालायचे असतात. वर्षाचे २८,८०० होतात, त्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात जातो. बऱ्याच जणींना फक्त कापलेले १,२०० दिसतात आणि त्या म्हणतात, "नको ते पीएफ, हातात द्या." असं करू नका. उमंग ॲपवर पासबुक दिसतं, दर महिन्याला बघा. ठेकेदारानं पगार बुडवला तर ज्या कचेरीचं काम आहे तिलाही हात झटकता येत नाहीत.

मुंबईत कचरा उचलणाऱ्या ठेक्यावरच्या सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाकडून वर्षानुवर्षं भांडून हे सिद्ध केलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यातल्या २,७०० जणांच्या बाजूनं निकाल दिला, त्यांना मुंबई महापालिकेच्या कायम नोकरीत घ्या म्हणून. अशा भांडणात आपण कामावर होतो हे दाखवणारा कागद लागतो. ओळखपत्र, पगाराची पावती, हजेरीचा फोटो, काहीही फेकू नका.

शेवटचा विषय जरा कडू आहे. मागं एका गटात एका ताईनं शेळ्यांसाठी म्हणून कर्ज मागितलं. चार प्रश्न विचारल्यावर कळलं की पैसे एका माणसाला द्यायचे होते, "लावून देतो" म्हणणाऱ्याला. गटानं कर्ज नाकारलं. ताई रागावली, दोन बैठकांना आलीच नाही. मला अजूनही वाटतं गटानं बरोबर केलं. अंगणवाडीची निवड गुणांवर होते, यादी बालविकास प्रकल्प कार्यालयात लागते, चूक वाटली तर हरकत घेता येते. त्यात मधल्या माणसाचं कामच नाही. आणि तो पळाला तर हप्ता त्या ताईनंच भरायचा, नाहीतर बाकीच्या जणींनी.

म्हणून अशा कामासाठी कुणी पैसे मागितले तर आधी गटात बोला, घरात बोलण्याआधीसुद्धा चालेल. आणि अर्ज भरायचा असेल तर मूळ जाहिरातीचा कागद घेऊन पुढच्या बैठकीला या, नुसता व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो नको. येताना बारावीची गुणपत्रिका, रहिवासी दाखला आणि रेशनकार्डही आणा. बसून ओळ न् ओळ वाचू.