दाब, प्रवाह आणि रोध
गेओर्ग ओहम हा कोलोन येथें शाळाशिक्षक होता. विजेच्या दाबास प्रवाहानें भागिलें असतां तारेचा रोध निघतो, हा त्याचा नियम त्याच्या १८२७ सालच्या ग्रंथांत आहे. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केल्यास शक्ति मिळते. घरची इस्त्री २३० व्होल्ट दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम व शक्ति ११५० वॅट. मात्र तारेच्या दिव्याचा रोध तो थंड असतां मोजूं नये. पेटल्यावर तो कित्येक पटींनीं वाढतो. येथें आमचे विद्यार्थी हटकून फसतात.

पालकांनीं ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. भिंतींतील तारेचा रोध अर्धा ओहम धरिला, तर ५ अँपिअर प्रवाहानें तींत साडेबारा वॅट शक्ति उष्णतेच्या रूपानें खर्ची पडते. प्रवाह दुप्पट झाला कीं २५ नव्हे, ५० वॅट, कारण येथें प्रवाहाचा वर्ग घ्यावा लागतो. ही उष्णता भिंतींत कोंडते व तारेचें वेष्टन जळूं लागतें. तत्पूर्वीं फ्यूजची बारीक तार वितळून प्रवाह तुटावा, अशी योजना असते. ती वारंवार वितळते म्हणून वैतागून तिच्या जागीं तांब्याची जाड तार गुंडाळणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या घरीं आतां फ्यूजचें काम भिंतींतील तारेकडे आलें आहे.